जड हाताची चाचणी

तीर्थरूप आत्या,

तुला मनापासून नमस्कार. त्यातला थोडा बाबांना दे, पण फार नको, त्यांना वेगळं पत्र लिहिणार आहे. तुझा गुडघा कसा आहे? ('बरा आहे' असं कळवू नकोस. जिना चढताना कठडा धरतेस की नाही तेवढंच कळव, मी काय ते समजेन.) मी खुशाल आहे. म्हणजे जेवते आणि वेळेवर कामाला जाते. माझ्या खोलीवर राहायला ये म्हटलं की तू फोनवर पाण्याच्या टाकीचा विषय काढतेस, म्हणून हे पत्र.

माझं काम काय, असं तू विचारलंस तेव्हा मी 'क्रीम बनवतो' एवढंच म्हणाले. ते अर्धवट होतं. डाग घालवणारं एक जीवनसत्त्व असतं, ते हवा लागली की बिघडतं. म्हणून त्याचे डोळ्यांना न दिसणारे थेंब करून आम्ही प्रत्येकाभोवती पातळ कवच चढवतो. त्याला मायक्रोकॅप्सूल म्हणतात. मी मनात कुपी म्हणते. ती डबीत शाबूत राहावी आणि गालावर बोट फिरलं की फुटावी, एवढीच अपेक्षा. कवच दणकट झालं तर सगळा ऐवज तोंड धुताना तसाच्या तसा मोरीत जातो.

हे तपासायला क्रीम हातावर चोळायचं, तिथे चिकटपट्टी दाबून उचलायची आणि फुटलेल्या कुप्या मायक्रोस्कोपखाली मोजायच्या. चोळायचं काम सगळ्यांत नव्या माणसाचं, म्हणजे माझं. मी ते मन लावून केलं. दर वेळी एकूण एक कुपी फुटलेली! आमच्या मोठ्या बाई (हुद्द्यानं मोठ्या, उंचीनं माझ्या खांद्याला लागतात) इतक्या खूश झाल्या की त्यांनी क्रीम काही बायकांना घरी वापरायला दिलं. सगळ्यांचा अभिप्राय एकच, काही फरक नाही. एकीनं लिहिलं, डबी छान आहे.

त्यांच्या गालांवर चिकटपट्टी लावून पाहिलं तर कुप्या जशाच्या तशा होत्या. कुणी विचारायच्या आधीच मी चूक माझी असं जाहीर केलं. कुठली, ते मलाही ठाऊक नव्हतं. बाईंनी आपला हात पुढे केला, चोळून दाखव म्हणाल्या. मी सुरुवात केली मात्र, त्या ओरडल्या, "अगं, हात आहे तो माझा, करपलेली कढई नव्हे! कुणी शिकवलं तुला हे?"

मी खरं ते सांगितलं. आत्यानं.

शाळेत घालण्याआधी तू मला घरी शिकवायचीस, आणि धडा संपला की मला गुडघ्यांत धरून खडूनं माखलेलं माझं तोंड असं चोळायचीस, की नाक जागेवर आहे ना हे मी चाचपून बघायची. तोंडाला हात लावायची रीत हीच, असं मी धरून चालले. इथल्या मुली दोन बोटांनी क्रीम लावतात, जणू गालाला कळता कामा नये. आत्या, घरून निघाल्यापासून माझ्या तोंडाला माझ्याखेरीज कुणाचा हात लागलेला नाही. (ही तक्रार नाही, निरीक्षण आहे.) हे नेमकं बाईंचा हात चोळताना लक्षात आलं आणि माझे डोळे भरले. त्या ओरडल्या म्हणून रडले असं समजून बाईंनी मला चहा पाजला. तो मी गैरसमजावर प्यायले, ही टोचणी अजून आहे.

तर, तू म्हणतेस ना, काम असेल तर बोलाव, उगाच येणार नाही? काम आहे. कवच आता पातळ करायचंय, त्याला हलक्या हाताची चाचणी हवी तशी जड हाताचीही. तुझ्याइतका जड हात इथे कुणाचा नाही. लवकर निघ.

तुझी भाची

ता. क. वरचं पुन्हा वाचलं. जड हाताची चाचणी मीच करू शकते, हे तुझ्या लक्षात येईलच.

आणखी ता. क. शिवाय नवं कवच परवाच तयार झालं. बोट नुसतं टेकलं तरी फुटतं. बाईंनी मला कायमही केलं.

शेवटचा ता. क. तेव्हा काम काही नाही. उगाच ये.