नसलेल्या पायातला बूट

३ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कृत्रिम पाय बनवणं हा माझा धंदा. एवढ्या लोकांना चालतं केलं आणि घरचीच अडून बसली आहे. आईचा उजवा पाय गुडघ्याखाली राहिला नाही, पण ती म्हणते, त्याच पायाची बोटं अपघाताच्या दिवशीच्या घट्ट बुटात अजून चेंगरताहेत. नवा पाय लावला की कळ मस्तकात जाते. मी नव्या पायाची, मांडी-गुडघ्याखालचा भाग बसतो ती खोबणी घासून घासून दमलो, डॉक्टरांच्या गोळ्याही संपल्या.

जूनमध्ये शाळा उघडेल. तोवर ती चालली नाही, तर तिला, पीटीच्या बाईंना, ऑफिसातल्या टेबलाशी बसवणार आहेत. हे कळल्यापासून तिने शिट्टी कपाटात टाकली आहे. मला ते बघवत नाही.

मन वेगळं आणि शरीर वेगळं, असं तू कॉलेजात शिकवतेस. मला तर मन म्हणजे मेंदूचंच एक काम वाटतं. पण नसलेला पाय दुखतो कसा? काहीतरी सुचव, म्हणजे तुला मानलं.

लोभ असू दे, भांडणही असू दे.

धाकटा

११ मे

चि. कारागिरास,
अनेक आशीर्वाद.

हाताला लागतं तेवढंच खरं मानतोस, म्हणून खोबणी घासत बसलास. बूट आईच्या मनात आहे, तो तिथेच काढायला हवा. इथल्या एका डॉक्टरीणबाईंना विचारून लिहिते आहे.

कपाटाचा आरसा उतरव आणि आईच्या पायांमध्ये असा उभा धर, की डाव्या पायाचं प्रतिबिंब उजव्याच्या जागी दिसेल. त्याच जोडीतला डावा बूट तिने पलंगाखाली जपून ठेवला आहे. तू फेकायला निघाला होतास तोच. तो घालायला लाव आणि आरशात बघत सावकाश काढायला सांग. हसू नकोस. फसलं तर जन्मभर तुझं ऐकेन.

'मी मजेत आहे' असं आई लिहिते, तेव्हाच मी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचते. तिला सांभाळ, माझ्यावर माया ठेव.

ताई

९ जून

चि. मोठीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा भाऊ आरसा धरून बसला, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं करून. मी नाडी सोडली, बूट काढला, बोटं हलवली. अगं, नसलेली बोटंसुद्धा मोकळी झाली! मी रडले, तोही रडला आणि आरसा माझ्या धड पायावर पडता पडता वाचला. कळ परत यायची, मी परत बूट काढायची. शेवटी ती कंटाळली, मी नाही. आता त्याने केलेला पाय असा बसलाय, की त्याच्या हाताची दृष्ट काढावी.

तो म्हणतो, डोळ्यांवाटे मेंदूला बातमी पोचली, म्हणजे तोच जिंकला. तू म्हणशील, पाय आधीही नव्हता, आताही नाही, नुसती समजूत बदलली, म्हणजे तू जिंकलीस. भांडा खुशाल! मला तुम्हा दोघांचा अभिमान वाटतो, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा. सोमवारी शाळेत हजर होते आहे. मुलांना सांगून ठेवलंय, सुट्टी संपली.

धाकटा म्हणाला, पत्र मी टाकतो. त्याला घरीच बसवलंय. टपालपेटी चढाच्या टोकाला आहे, ठाऊक आहे ना? तेव्हा हे पत्र तुझ्या हातात असेल, तर तुझी आई तिथवर चालत गेली.

सुखात राहा, प्रकृतीला जप.

आई