डोळे उघडण्याचे काम

४ मार्च १९३४, रविवार

आजपासून वही लिहायची. कोणी वाचायची नाही. वाचल्यास ज्याचे पाप त्याच्यापाशी.

सकाळी आमच्या कुंभकोणच्या सेतुमाधव चित्रशाळेचे हेडमास्तर चंद्रमौली अय्यर स्वतः घरी आले. तिण्णैवर, दारच्या ओट्यावर बसले, कापी घेतली. शेवटच्या वर्षाच्या मुलांचे डिप्लोमाचे एक्झिबिशन या आठवड्यात आहे, मद्रासहून एक्झामिनर येणार, तर एकोजीराव, चित्रे भिंतीवर सरळ लागतात की नाही एवढे पाहाल का, असे म्हणाले. जाताना आमची शिडी मागितली. म्हणजे देखरेख माझ्याकडे. देखरेख म्हणजे अर्धे परीक्षणच. भवानीस सांगितले. ती म्हणाली, शिडी मागितली ते आधी सांगायचे.

मी कोणाचा शिष्य नव्हे. सोन्याचा वर्ख, खडे, डिंक, सारे तंजावरची जुनी चित्रे बघून बघून स्वतः शिकलो. चित्रशाळेला हे आता कळले. उशिरा कळले, पण राग धरायचा नाही.

भाचा जानकीराम याच वर्गात. त्याचे वडील गेल्यापासून आमच्याकडे असतो. फर्स्ट क्लास मिळाला तर तिरुविडैमरुदूरच्या शाळेत ड्रॉइंग मास्तरची जागा त्याला मिळते. तिथे त्याची आई, माझी बहीण नागलक्ष्मी, एकटी राहते. मुलगा आईपाशी जाईल. चित्रांवर नावे नाहीत, नुसते नंबर. त्याचा नंबर मी विचारला नाही. त्यानेही सांगितला नाही. चित्रही दाखवले नाही. बरेच झाले. परीक्षकाने निःपक्षपाती असावे.

६ मार्च, मंगळवार

दिवसभर हॉलमध्ये. ओळंबा सोडून एकेक फ्रेम सरळ केली. हेडमास्तर म्हणाले, पुरे हो आता. मी म्हटले, नंबर चार तांदळाच्या दाण्याएवढा डावीकडे झुकला आहे. ते जेवायला गेले.

माझे शेरे. नंबर दोन, महामखम तळे: पाणी बरे, पायऱ्या अंदाजाने काढल्या आहेत. नंबर पाच, स्वामीमलैचा ओतारी भट्टीपाशी: ज्वाळा जिवंत, माणूस लाकडी.

नंबर सात: कागदावर पाण्याचे रंग. खांबाला टेकून बसलेला एक म्हातारा. पोट सुटलेले, तोंड उघडे, चष्म्याला दोरा, अंगवस्त्राला भोक, पायाच्या अंगठ्याला हिरवा रंग. असले ओंगळ मॉडेल कुठून शोधून आणले कोण जाणे. बारकावे मात्र मेहनतीचे. आणि डोळेच राहिलेत. डोळ्यांच्या जागी दोन तपकिरी रेघा, बस्स. पोराला वेळ पुरला नसावा.

आमच्या कामात डोळे सगळ्यांत शेवटी काढतात, वेळ बघून, आणि ते काम वडीलधाऱ्या हाताचे. डोळे न उघडलेले चित्र उंबरा ओलांडत नाही. इथे ते हॉलच्या मधोमध टांगले आहे. मुलाचे नुकसान, शाळेला अशुभ. कोणीतरी मनावर घ्यायला हवे.

७ मार्च, बुधवार

मनावर घेतले.

राहुकाळ टळल्यावर हॉलमध्ये गेलो. मणी वॉचमनला पानसुपारी आणायला पाठवले. काजळाची शाई, डिंक, खारीच्या केसांचा माझा ब्रश. देवाचे नाव घेऊन नंबर सातचे डोळे उघडले. मत्स्याकार, काजळाची रेघ कानाकडे ओढलेली, बुबुळात उजेडाचा ठिपका. बाळकृष्णाला काढतो तस्सेच, काही कमी केले नाही. म्हातारा खडबडून जागा झाला.

कोणाला सांगितले नाही. मदत करून मिरवू नये. घरी येताना मात्र छातीत काहीतरी टोचत होते. जेवण राहिले म्हणून असेल. जेवलो. टोचणे तसेच.

८ मार्च, गुरुवार

आज घरच्या मंडळींना हॉल खुला. भवानीला घेऊन गेलो. नंबर सातसमोर गर्दी, आणि गर्दीत हसणे. भवानी पुढे झाली, बघितले आणि म्हणाली, अहो, हे तुम्ही.

मी म्हटले, काहीतरीच काय. ती म्हणाली, अंगवस्त्राचे हे भोक मी रोज धुते, मला शिकवू नका. अंगठा बघा स्वतःचा. बघितला. हिरवा होता. मी म्हटले, माझे पोट एवढे नाही. बाजूला उभ्या असलेल्या आमच्या शेजारच्या सुंदरीबाई, ज्यांना कोणी विचारले नव्हते, म्हणाल्या, नाही हो, आहे एवढे.

भवानी म्हणाली, दुपारी कामाच्या फळीसमोर बसल्या बसल्या झोपता, तसे काढलेय पोराने. अगदी तसे. पण झोपलेल्या माणसाला हे उत्सवमूर्तीचे डोळे कोणी लावले? मग माझ्याकडे बघितले. मग पदर सावरून पुढच्या चित्राकडे गेली. बोलली असती तर बरे होते.

मी दुपारी झोपत नाही. डोळे मिटून रंगसंगतीचा विचार करतो. ते असो.

जानकीराम तिथेच होता, भिंतीला पाठ लावून, हसणाऱ्यांकडे बघत. माझ्याकडे बघितले नाही. म्हणजे सात नंबर त्याचा. डोळे राहिले नव्हते, मिटलेले होते. दोन रेघांत त्याने झोप काढली होती आणि मी ती मोडली.

उद्या एक्झामिनर येतील. आले की पहिले काम, सांगून टाकायचे. ठरले.

९ मार्च, शुक्रवार

सकाळी लवकर गेलो. वाटेत विचार केला की सांगत बसण्यापेक्षा दुरुस्ती बरी. ओल्या कापसाने हलकेच पुसायला लागलो. काजळ सुटले, पण गेले नाही. दोन्ही गालांवरून खाली ओघळले. आता म्हातारा टक्क डोळ्यांनी रडतो आहे. म्हातारा म्हणजे मी.

एक्झामिनर उंच, शांत गृहस्थ. इतर चित्रांपाशी मान हलवत आले, सातपाशी मान थांबली. विचारले, ही थट्टा कोणाची? जानकीराम पुढे झाला. म्हणाला, सर, चित्र माझे, डोळे माझे नाहीत. मग कोणाचे? तो म्हणाला, ते सांगणार नाही सर. हेडमास्तर म्हणाले, अरे नाव घे, नाहीतर तुझीच मस्ती ठरेल आणि क्लास जाईल. जानकीराम म्हणाला, ठरू द्या.

मी दोन हातांच्या अंतरावर होतो. तोंड उघडले होते. तेवढ्यात दिसले की नंबर आठची फ्रेम सरकली आहे. ओळंबा सोडला. घेतलेले काम टाकून कसे चालेल? सरळ करून वळलो तर मंडळी जेवायला निघून गेली होती.

नंबर आठ आधीपासून सरळ होता. हे इथेच लिहितो, दुसरीकडे नाही.

संध्याकाळी जानकीराम जेवला, पान उचलले, मामी, ताक छान झाले होते म्हणाला. मला विचारले, मामा, वर्ख उद्या कापून देऊ का? नेहमीसारखा आवाज. नेहमीसारखा बोलायला नको होता. मला ताक वाढलेच गेले नाही. मागितलेही नाही.

१० मार्च, शनिवार

आज नक्की. एक्झामिनर छत्रात, म्हणजे धर्मशाळेत, उतरले आहेत, तिथे गेलो. रिकाम्या हाताने जाणे बरे दिसत नाही म्हणून माझा बाळकृष्ण बरोबर नेला, दाखवायला. आधी दोन शब्द इकडचे तिकडचे, मग कबुली, असा बेत.

इकडचे तिकडचे लांबले. वर्ख कसा बसवतात, डिंकात काय घालतात, मी कोणाकडे शिकलो नाही ते, हे त्यांनी नीट ऐकून घेतले. कौतुक करीत होते. कौतुकाच्या मध्ये कबुली कुठे घालायची?

मग त्यांनी कृष्णाचे डोळे पुष्कळ वेळ बघितले. म्हणाले, तुमच्याच हातचे? मी म्हटले, या कुंभकोणात असे डोळे दुसरा कोणी काढून दाखवू द्या. ते म्हणाले, असे. मग हळूच म्हणाले, त्या सात नंबरचे डोळेही जवळपास असेच आहेत. मुलाचे काम फार चांगले आहे हो. ते डोळे कोणी काढले हे काढणाऱ्याने येऊन सांगितले तर मी तो भाग सोडून मार्क देईन. निकाल सोमवारी लागेल, तोपर्यंत वेळ आहे.

दार उघडे करून बाजूला उभे राहावे तसे ते बोलले. मला फक्त आत जायचे होते.

मी म्हटले, माझी नक्कल बरेच जण करतात.

 त्यांनी कृष्णावर फडके नीट घालून तो माझ्या हातात दिला.

घरी कृष्ण जागेवर ठेवला. भवानीने विचारले, सांगितलेत? मी म्हटले, विषय काढला होता. खोटे नाही. विषय निघाला होता. ती उठून आत गेली.

११ मार्च, रविवार

आज दिवस बरा नाही, साडेचारनंतर राहुकाळ. सकाळी जावे तर एक्झामिनर स्नानाला कावेरीवर गेले असतील. दुपारी जावे तर ऊन. साडेचारच्या आत निघणारच होतो, पण जरा डोळे मिटून काय बोलायचे त्याचा विचार करीत बसलो. उठलो तेव्हा राहुकाळ लागला होता.

१२ मार्च, सोमवार

जानकीराम: सेकंड क्लास.

हेडमास्तर शिडी परत द्यायला आले. म्हणाले, मुलगा हट्टी निघाला, एका नावाचा प्रश्न होता. मग तिण्णैवर जरा थांबले, माझ्याकडे न बघता. कापी नको म्हणाले.

त्यांना माहीत आहे. मणीला माहीत आहे. सुंदरीबाईंना तर आहेच. सगळ्या गावात असे डोळे काढणारा एकच हात, हे मीच पंचवीस वर्षे ज्याला त्याला सांगत आलो.

निश्चय: जानकीरामाची माफी मागायची. तो घरातच आहे, सोपे आहे.

३ एप्रिल, मंगळवार

सोपे नाही. तो समोर आला की मला काहीतरी काम आठवते.

तिरुविडैमरुदूरची जागा दुसऱ्या मुलाला गेली. जानकीरामाला आडुतुरैला भाताच्या सरकारी फार्मावर तात्पुरते काम मिळाले, पिकावरच्या किडींची चित्रे काढायची. उद्या निघतो.

नागलक्ष्मी त्याला भेटायला आली होती. मला म्हणाली, अण्णा, तू होतास ना तिथे देखरेखीला? तुझ्या डोळ्यांदेखत पोराचे चित्र कोणी बिघडवले आणि तुला दिसले नाही? मी म्हटले, गर्दी फार होती. जानकीराम शेजारी ट्रंक बांधत होता. म्हणाला, हो आई, फार गर्दी होती.

यापेक्षा त्याने ट्रंक माझ्या डोक्यात घातली असती तर परवडले असते.

२२ एप्रिल, रविवार

आज आडुतुरैला जाऊन आलो. माफीची वाक्ये घरून तयार करून नेली होती. गाडीत पुन्हा पाठ केली. लहान केली, म्हणजे घशात अडकायची नाहीत: डोळे मी काढले, भीतीने गप्प बसलो, तुझे नुकसान केले. एवढेच. भवानी म्हणाली होती, तेवढे बोललात तरी पुष्कळ, आणि बरोबर मुरुक्कूंचा, म्हणजे चकल्यांचा, डबा दिला.

खोली लहान. खिडकीपाशी टेबल, टेबलावर भिंग आणि टाचणीला लावलेला एक पतंग. याची अळी भाताच्या खोडात शिरते, जानकीराम म्हणाला. रविवारीही काम घरी आणले होते. मी आलेला बघून त्याला आनंद झाला. खरोखर झाला. मामा बसा म्हणाला, पाणी दिले, डबा उघडून मुरुक्कू तोंडात टाकला, मामीचा हात म्हणाला.

मी पहिले वाक्य जुळवले. तेवढ्यात कागदाकडे नजर गेली. पतंगाचे चित्र सुरेख. पंखावरची धूळसुद्धा काढली होती. फक्त मिशा सारख्या नव्हत्या, एक लांब, एक आखूड. मी म्हटले, हे आधी बघ, मिशी राहिलीय. तो म्हणाला, राहिली नाही, पतंगाचीच तुटलीय, साहेब म्हणतात जसा आहे तसा काढ. मी म्हटले, साहेबाला काय कळते, तुटकी मिशी सरकारी कागदावर बरी दिसते का, एवढीशी तर रेघ आहे.

जानकीरामने हातातला मुरुक्कू डब्यात ठेवला. अगदी हळू आवाजात म्हणाला, मामा, तो ब्रश खाली ठेवा.

तेव्हा कळले की ब्रश माझ्या हातात होता. शाईत बुडवलेला.

ठेवला. त्याने कागद उचलून कपाटात टाकला, कपाटाला कुलूप घातले, किल्ली जानव्याला बांधली. मग आम्ही उन्हाळ्याविषयी बोललो. स्टेशनवर पोचवायला आला, डबा परत दिला, मामीला सांगा फार आवडले म्हणाला.

माफी मागायची होती हे परतीच्या गाडीत तिरुविडैमरुदूर स्टेशन मागे पडल्यावर आठवले.