गाडीतला बॅन्ड बंद न करण्याबाबत

आज दिनांक ६ मे २०२५, मंगळवार, मुक्काम शिंदखेडा, जिल्हा धुळे. सकाळी बडोद्याहून रिकामी गाडी घेऊन घरी आलो. गाडी धुतली, आंघोळ केली. अक्काने कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला. जेवून दुपारी झोपलो. उठल्यावर ओट्यावर टेबल मांडले आणि हे लिहायला घेतले.

मी, वना तोताराम भदाणे, वय छप्पन्न, धंदा ट्रकमालक व चालक, शिक्षण बारावी कॉमर्स, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, मला कोणी धाक दाखवलेला नाही, आणि माझी झोप पूर्ण झालेली आहे. झोपेचे वाक्य मृत्युपत्रात घालत नाहीत असे धुळ्याचे वकीलसाहेब म्हणाले. माझ्यात राहू द्यावे. कारण पुढे येईल.

माझी पत्नी सुनंदाबाई गेल्या जानेवारीत वारली. ताप म्हणून दवाखान्यात नेली आणि चौथ्या दिवशी गेली. मला मुलगा हितेंद्र, धुळ्याला एका खासगी कंपनीत हिशेब पाहतो. त्याची पत्नी पुनम. मुलगी मेघा अमळनेरला दिलेली आहे. माझी थोरली बहीण यशोदाबाई, जिला आम्ही अक्का म्हणतो, विधवा असून सुनंदाच्या दहाव्यापासून माझ्याकडे राहते. यांच्याखेरीज माझ्या मिळकतीवर कोणाचा हक्क नाही. भाऊबंदांनी शेताच्या वाटणीत जे घेतले तेवढे त्यांना पुरावे.

१. शिंदखेडा येथील राहते घर माझ्यामागे हितेंद्र व मेघा यांचे निम्मे निम्मे.

२. मात्र मागची खोली अक्का जिवंत असेपर्यंत अक्काची. तिला तेथून कोणी उठवू नये. सध्या ती माझ्यावर रागावलेली आहे आणि मीही तिच्यावर. त्याचा खोलीशी संबंध जोडू नये.

३. सुनंदाचे दागिने मेघाला. त्यातले कानातले पुनमला, कारण सुनंदाने दवाखान्यात जाताना ते काढून तिच्याच हातात दिले होते. पुनमने ते दुसऱ्या दिवशी मला परत आणून दिले. द्यायला नको होते.

४. गाडी. ही दहा टायरची, गेल्या दसऱ्याला नवी घेतलेली. कर्जाचे आणि विम्याचे कागद कपाटात आहेत. अठ्ठावीस वर्षे मी दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या, किंवा दुसऱ्यांनी वापरून टाकलेल्या विकत घेऊन चालवल्या. जिच्या सीटवर माझ्याआधी कोणी बसलेले नव्हते अशी ही पहिली. सीटवरचे प्लास्टिक मी अजून काढलेले नाही. सुनंदा म्हणायची, "आखी पाठ घामघूम व्हस. काढी टाक ना ते, नवरदेवनं बाशिंग शे का?" तरी काढले नाही. दिवाळीला मुलगा, सून, मुलगी, जावई आणि नात भाविका यांना केबिनमध्ये बसवून दोंडाईच्यापर्यंत फिरवून आणले. एवढी माणसे केबिनमध्ये बसवू नयेत हे मला माहीत आहे.

हितेंद्रला ही गाडी नको आहे. तो जानेवारीपासून म्हणतो, "बाबा, विकून टाका आणि घरी बसा." घरी बसून मी काय करायचे हे तो सांगत नाही. गाडी माझ्यामागे त्याची. विकायची तर अशा माणसाला विकावी जो स्वतः चालवतो. पाच गाड्या ड्रायव्हरांवर सोडून ऑफिसात बसणाऱ्याला देऊ नये. असली अट कोर्टात टिकत नाही असे वकीलसाहेब म्हणाले. घरात टिकली तरी मला पुरे.

५. गाडीतला गाण्याचा सेट, दोन स्पीकर आणि पेन ड्राइव्ह. याबद्दल सविस्तर लिहावे लागत आहे, कारण तोंडाने सांगायला गेलो तेव्हा कोणी ऐकून घेतले नाही.

मला बॅन्ड आवडतो. लग्नात वाजतो तोच. आमच्या गावचे लोटन मास्तर तरुणपणापासून क्लॅरिनेट वाजवतात. त्यांच्या बॅन्डचे निरनिराळ्या लग्नांतले वाजणे मी मोबाइलवर भरून पेन ड्राइव्हमध्ये घेतले आहे. मध्ये मध्ये वरातीतल्या लोकांचे "मांगे सरका रे, गाडी येई ऱ्हायनी" असे ओरडणेही त्यात आहे. लोकांना वाटते मला नाचण्याची हौस आहे. मी कधीही नाचलेलो नाही. स्वतःच्या लग्नातही नाही. पण बॅन्ड चालू असला की मला झोप येत नाही. ड्रायव्हर माणसाला याहून जास्त काय सांगायचे?

जुन्या गाडीत इंजिनाचा आणि दारांचा इतका आवाज होता की झोपतो म्हटले तरी झोपता येत नसे. नव्या गाडीत एसी आहे. काचा लावल्या की बाहेरचे काही ऐकू येत नाही. उन्हाळ्यात जेवण झाल्यावर असली केबिन म्हणजे पाळणा. म्हणून गाडी घेतली त्याच आठवड्यात मी तिच्यात चांगला सेट बसवून घेतला.

सुनंदाला बॅन्ड आवडत नसे. तिचे डोके दुखायचे. पण दुपारचे जेवण झाले की ती रोज फोन करायची, आणि आधी मला काही विचारायची नाही. मागे बॅन्ड वाजतो का ते ऐकायची. वाजत असला तर म्हणायची, "वाजी ऱ्हायना ना? मंग चालू दे," आणि फोन ठेवून द्यायची. आवाज आला नाही तर, "गाडी बाजूले लाव. तोंड धोय. मंग मन्हासंगे बोल." मी बाजूला लावायचो. नवरा-बायकोने याहून जास्त बोलावे असे लोकांचे म्हणणे असेल. आमचे एवढ्यात भागत होते.

ती गेल्यावर पाचव्या दिवशी माणसे बसायला येत होती. ऊन लागते म्हणून दारात मांडव टाकायचे ठरले, आणि गाडी आड येत होती. चुलतभावाच्या मुलाने मला न विचारता किल्ली फिरवली. मी सुनंदाला दवाखान्यात न्यायला आलो त्या दिवशी गाडी जशी बंद केली तशीच ती उभी होती. त्यामुळे बॅन्ड मधूनच सुरू झाला, पूर्ण आवाजात. पोरगा घाबरला आणि दिसेल ते बटण दाबू लागला. आवाज आणखी वाढला. दारात पन्नासेक माणसे खाली मान घालून बसलेली, आणि वर वरात चाललेली. अक्का धावत बाहेर आली आणि म्हणाली, "बंद कर रे मेल्या, घरमा मयत व्हयेल शे."

लोटन मास्तर त्याच माणसांत बसले होते. निघताना माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सूर बराबर व्हता वनाभाऊ. येळ चुकनी." त्या पाच दिवसांत मला बरे वाटेल असे तेवढेच कोणी बोलले.

गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक उतरवण्याच्या, आदल्या दिवशी हितेंद्रने पियुषला बोलावून सेट काढून घेतला. पियुष आमच्या गल्लीतला गाड्यांचा वायरिंगवाला. हितेंद्र मला म्हणाला, "बाबा, वर्षभराचा तर प्रश्न आहे. लोक काय म्हणतील?" अक्काने सेट सुनंदाच्या कपाटात ठेवला आणि किल्ली स्वतःजवळ घेतली. मी बोलत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, आणि सगळे त्यावरच चालतात. वर्षभर गोड करायचे नाही, मला मान्य. लग्नाला जायचे नाही, मान्य. पण शोक पाळायचे ठरवताना ज्याला रोज स्टिअरिंग धरायचे आहे त्याला कोणी विचारले नाही.

तेव्हापासून गाडीत आवाज नाही. दुपारचा फोनही नाही. मोबाइलवर लावून पाहिले, पण गाडीच्या घरघरीत तो कुठे पुरणार? शेंगदाणे खाल्ले, तोंडावर पाणी मारले, काच उघडून पाहिली. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठवडाभर आधी सावद्याहून केळीचा माल भरून बडोद्याकडे निघालो होतो. चोपड्याला जेवलो. चोपडा सोडल्यावर शिरपूरच्या रस्त्याला माझा डोळा लागला. किती वेळ, ते मला माहीत नाही. खडी वाजली म्हणून जागा झालो. डावीकडची चाके रस्त्याखाली होती आणि समोर एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालली होती. तिने भारा टाकला आणि उडी मारली. गाडी भाऱ्यावर जाऊन थांबली.

मी खाली उतरलो. बाई सातपुड्याकडची होती. तिचे सगळे बोलणे मला समजले नाही, पण शिव्या होत्या एवढे कळले आणि त्या बरोबर होत्या. तिने मला चाकाखालचे गवत काढायला लावले, भारा पुन्हा बांधायला लावला आणि उचलून तिच्या डोक्यावर ठेवायला लावला. मग मागे न पाहता चालू लागली. तिच्या नावाचे या कागदात काही लिहिता आले असते तर लिहिले असते. मी नाव विचारले नाही.

आखाजीला सुनंदाच्या नावाची घागर भरली. जेवताना मी सगळ्यांना ही गोष्ट सांगितली. हितेंद्र म्हणाला, "म्हणूनच म्हणतो, गाडी विका." मेघा रडली. अक्का म्हणाली, "सुनंदानी वाचाडं तुले." मी म्हटले, "बॅन्ड नव्हता म्हणून झालं हे." त्यावर अक्काने ताटातला हात थांबवला. "तुन्ही बायको जाईसन चार महिना नही व्हयनात, अन तुले बॅन्ड आयकना शे?" जावयासमोर म्हणाली. फोनचे मी सांगणार होतो, पण मग सांगितले नाही. जेवण तसेच पूर्ण केले.

तरी हा सेट, स्पीकर व पेन ड्राइव्ह मी कोणालाही देत नाही. मेलेल्या माणसाचीच वस्तू वाटता येते. या वस्तू मला जिवंतपणी लागतात. उद्या माल भरायला सावद्याला निघण्याआधी मी सेट गाडीत पुन्हा बसवणार आहे. अक्काला हे आज संध्याकाळी तोंडाने सांगणार आहे. सांगणे जमले नाही तर तिने हे कलम वाचावे.

६. जॅक, पाने, ताडपत्री, रस्से हे सर्व हितेंद्रला. कोणता पाना कशाला लागतो हे त्याने एकदा तरी विचारावे. विचारले की मी सांगेन, आणि त्या दिवशी रागावणार नाही.

७. माझ्यामागे शोक कसा पाळावा. दहावा आणि गंधमुक्ती रीतीप्रमाणे करावी. वर्षभर गोड करायचे नसेल तर करू नये. पण त्या वर्षात घरातला किंवा नात्यातला जो कोणी गाडी चालवत असेल, त्याच्या गाडीतले वाजणे बंद करू नये. बॅन्ड असो, भजन असो, रेडिओवरच्या बातम्या असोत. दुपारी त्याला घरून एक फोन करावा. आणि मांडवासाठी गाडी हलवायची झाली तर आधी आवाज कमी करून घ्यावा.

८. लोटन मास्तरांना काही द्यावे असे मनात होते. साक्षीदाराला देता येत नाही असे वकीलसाहेब म्हणाले. मास्तरांना तसे सांगितले तेव्हा म्हणाले, "माले काय देशी? आखं पेन ड्राइव्ह मन्हंच शे." ते खरे आहे.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. यापुढे केले तर ते खरे धरावे. वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला, आणि त्यांच्यासमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर केली.

सही: वना तोताराम भदाणे

साक्षीदार १: लोटन मास्तर, बॅन्डवाले, शिंदखेडा

साक्षीदार २: पियुष, गाड्यांचे वायरिंग, शिंदखेडा

ठिकाण: शिंदखेडा. दिनांक: ६ मे २०२५.

पुरवणी, त्याच दिवशी संध्याकाळी. हिला साक्षीदार नाहीत.

सही करून झाल्यावर मी पियुषला म्हटले, सेट तूच काढलास, तूच बसवून दे. तो म्हणाला, "भाऊ, सही लागेल तिथं करतो. पण सेटचं मला सांगू नका. अक्का माझ्या आईला बोलेल." मास्तर हसले आणि दोघे चहा पिऊन गेले.

अक्का देवळातून आली. मी म्हटले, "अक्का, सेट गाडीमा लावस."

"कोनले इचारीसन?"

"कोनलेच नही."

"लोके तोंडमा शेन घालतीन."

"मी जित्ता ऱ्हायनू तव्हयच घालतीन ना."

मी हा कागद तिच्यापुढे धरला. चष्मा नाही म्हणाली. मग मी पाचव्या कलमातला फोनचा भाग तिला वाचून दाखवला. आजवर मी अक्काला काही वाचून दाखवलेले नव्हते. ऐकून झाल्यावर तिने विचारले, "रोज फोन करे ती?"

"रोज."

"माले कधी बोलनी नही."

थोड्या वेळाने तिने कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली आणि आत दिवा लावायला गेली. तिने परवानगी दिली असे मी लिहीत नाही. किल्ली ठेवली, एवढे लिहितो.

मी कपाटातून सेट आणि स्पीकर काढले आणि गाडीत जाऊन बसलो. पियुषने वायरी कापूनच टाकल्या होत्या. उजेड होता तोवर त्यांची टोके ब्लेडने सोलली, लाल लालला आणि काळी काळीला पिळली, आणि वरून टेप गुंडाळत बसलो.