लूकसचं कूळ न् भगवंत भावजींचं

भगवंत भावजी यांस,

निरगुडसरहून वहिनीचा नमस्कार. गुडघं बरं हाय, गवार लई आलीया, पण ते ऱ्हाऊ द्या.

माझ्या नातीनं, वृषालीनं, अमेरिकेतल्या खेड्यातला लूकस पसंत केला, तर तुमी भर पंगतीत म्हणाला, "त्या गोऱ्याला कूळ नाय, मूळ नाय. मी देवक बसवायला यायचा नाय." पोरीचा बाप गेलेला, मी न् सून दोघी विधवा. देवकाला जोडपं तुमचंच उरलं, म्हणून ताठला.

त्या पोराच्या बापाकडची माणसं जर्मनीची, आईकडची हॉलंडची. जहाजानं गेली न् मका पिकवत तिथंच ऱ्हायली. लूकस सुट्टीला गावोगावची थडगी धुंडतो, शेवाळ घासून नावं वाचतो. खापरपणज्याचं गाव सांगतो, त्याच्या बायकोचं माहेरबी सांगतो. त्यानं फोनवर वृषालीकरवी तुमाला आदबीनं इचारलं, "आजोबा, तुमच्या आजीचं माहेर कुठलं?" तुमी खोकलात न् फोन जाऊबाईंच्या हातात दिला. आजीचं नावबी ठाऊक नसलेला माणूस लोकांची कुळं काढतो. मला अजून हसू येतंया.

काल भटजींना इचारलं. ते म्हणाले, "साळुबाई, तुमी बसा, मी मंत्र म्हणतो." तवा देवकापुढं मीच बसणार. हिरवी साडीबी आणली.

हे पत्र मात्र टाकायची नाय. तुमाला वाटायचं, वहिनी बोलावतीया.

तुमच्यावाचून न अडलेली,
साळुबाई