गाडी दारात उभी आहे

आचरा,
१९ सप्टेंबर २०२४

सौ. सलोनीस,

आशीर्वाद. मोठ्या जावेने लिहायचे असतात म्हणून लिहिले. आम्ही इकडे ठीक. तुम्ही ठीक आहात का, ते विचारत नाही.

माझा नंबर तू ब्लॉक करून टाकलास, भावोजी फोन उचलत नाहीत, म्हणून हा कागद. दत्तप्रसाद तो वेंगुर्ल्याला येऊन तुझ्या हातात देईल. त्याची मुलगी आमच्या गटात आहे. त्याला चहा विचारलास तर बरं. नाही विचारलास तरी तो दारात गाडी लावून बसून राहील. का, ते पुढे सांगते.

आधी माझं ऐकून घे. तुझ्या डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी तू आईंकडे निरोप दिलास. आईंनी तो जशाच्या तसा मला ऐकवला. "आनंदीवहिनीक येवंदे, पण अवनीक हाडू नको म्हणा. माझ्या पोटातल्यार तिची नदर पडात." माझ्या अवनीचं परकर-पोलकं तेव्हा इस्त्री करून पलंगावर ठेवलं होतं. पाच वर्षांची पोर, अजून मान धरत नाही, बोलत नाही. खिडकीतल्या उन्हाकडे बघून हसते, एवढीच तिची नजर. ती कुणाला बाधणार होती गं? मी आले नाही. कुणी विचारलंही नाही का आले नाही म्हणून.

मग नातेवाइकांच्या ग्रुपवर अवनीसारख्या पोरांच्या आईबापांच्या आमच्या गटाला 'रडूबायांचो मेळो' म्हणालीस. खाली किती हसरे चेहरे आले, तेही मी बघितले. दर बुधवारी शाळेच्या जुन्या खोलीत आम्ही जमतो ते रडायला नव्हे. रडायला प्रत्येकीला स्वतःचं न्हाणीघर आहे. तिथे रुक्मिणी अवनीला मांडीवर घेते, हनुवटीखाली बोटाचा आधार देऊन तिला पेज भरवते, आणि तेवढ्या वेळात मी जेवते. निवलेलं नाही, गरम. रुक्मिणीच्या मुलाला फिट आली की मी त्याला कुशीवर वळवते, ती औषध काढते. एकीचं औषध संपलं तर दुसरी देते. तुला यातलं काय कळणार, असं लिहिणार होते. लिहिलंच.

आता चतुर्थीचं.

गणपतीसमोर चटईवर तुझा पुष्कर झोपला होता. जागा झाला आणि एकदम घडी घातल्यासारखा पुढे वाकला, दोन्ही हात बाहेर फेकले गेले. सुटला. परत तसंच. परत. मग कळवळून रडला. तू स्वयंपाकघरातून म्हणालीस, "दचकलो तो, गॅस झालो आसतलो." मी मोबाइल काढून व्हिडिओ घेतला. तू धावत आलीस, माझा हात पिरगळलास. "माझ्या पोराचो तमाशो करतास? तुमका सगळ्या पोरांत तोच रोग दिसता! आमच्या पोराक काय एक होवक नाय!" सगळ्यांसमोर. आरतीचं तबक हातात धरून भावोजी त्यातली वात सारखी करत राहिले. मी अवनीला उचललं आणि आमच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. त्याच संध्याकाळी तुम्ही निघून गेलात.

सलोनी, दार लावल्यावर माझ्या मनात काय आलं ते सांगते. "आता कळू दे हिला." एवढंच आलं. आणि ते बरेच दिवस तिथेच बसून राहिलं. काल गटात मी व्हिडिओ दाखवला, तो तुझ्याबद्दल बोलायला. रुक्मिणीने मला बोलूच दिलं नाही. म्हणाली, "तुझो राग तुझ्याकडे ठेव गो. पोरान तुझा काय केल्यान?" दत्तप्रसादने विचारलं, "गाडी कधी काढू?"

म्हणून लिहिते. तो गॅस नाही. अवनी पाच महिन्यांची असताना तिला हेच झालं होतं. असंच झोपेतून उठताना, असंच वाकणं. तेव्हा सगळ्यांनी आम्हालाही गॅसच सांगितला, आणि औषध सुरू व्हायला फार उशीर झाला. हे झटके आहेत, ते मेंदूचे असतात आणि औषधाशिवाय थांबत नाहीत. पुष्कर पूर्वीसारखा हसत नाही, हे तुझ्याही लक्षात आलंय. नाही म्हणू नकोस. चतुर्थीला तू त्याच्यासमोर खुळखुळा वाजवत होतीस आणि तो बघत नव्हता, तेव्हा मी तुझा चेहरा बघितला होता.

गोव्यात लहान मुलांच्या मेंदूचे डॉक्टर आहेत. गटाने त्यांना फोन केला आहे. ते आज बघणार आहेत. व्हिडिओ दत्तप्रसादच्या मोबाइलवर आहे, तो डॉक्टरांना आधी दाखव. भावोजी नाही म्हणाले तर त्यांचं न ऐकता गाडीत बस.

मला शिव्या गाडीत बसून दे.

आनंदी

•

आचरा,
२७ सप्टेंबर २०२४

सलोनी,

डबा दत्तप्रसादबरोबर पाठवते, त्यातच ही चिठ्ठी.

त्या दिवशी पत्र वाचून तू दार आपटलंस, हे त्याने सांगितलं. तो बसून राहिला. मग तू पुष्करला छातीशी धरून आलीस, पायात चप्पलही नव्हती, हेही सांगितलं. डॉक्टरांनी व्हिडिओ बघून लगेच दाखल करून घेतलं, आणि इंजेक्शनांनी परवापासून झटके नाहीत, हे आईंकडून कळलं. काल तो भावोजींच्या आवाजाकडे वळला म्हणे. पुढे तो बसेल का, चालेल का, हे आज कुणीच सांगणार नाही. जो सांगेल त्याचं ऐकू नकोस, गोड बोलला तरी.

"वहिनीक सांग, माझा चुकला," असा निरोप तू दत्तप्रसादकडे दिलास. तो मी घेत नाही. निरोपांनी आपलं बरंच नासलं आहे. घरी ये, अवनीसमोर बस आणि तिला सांग. तिला काय कळणार, असं लोक म्हणतील. म्हणू देत.

सुटी मिळाली की बुधवारी गटात यायचं. कुणी तुला मागचं काढून बोलणार नाही, मी सगळ्यांना बजावलं आहे. पुष्करला रुक्मिणी घेईल. मी घेणार नाही, एवढ्यात तरी नाही. माझ्याशेजारी बसू नकोस, समोर बस.

गरम राहणाऱ्या डब्यात भात आणि वालीच्या शेंगांची भाजी, बाटलीत सोलकढी आहे. पोर झोपलं की नुसतं त्याच्याकडे बघत बसू नकोस. नर्सला सांग आणि बाहेरच्या बाकावर बसून जेव. सगळं संपव. गरम आहे तोवर.

अजून रागावलेली,
तुझी जाऊ
आनंदी