बंदरावरची कंदीलवाली

मिल्टन कीन्स,
६ ऑक्टोबर २००७

ती. बाबांस देविकाचा सा. न.

ईमेल तुम्ही उघडत नाही, म्हणून हातानं लिहितेय. परवाच जपानहून परतले. आमच्या कंपनीच्या व्हिडिओ गेमची गोष्ट तिथल्या एका बंदरगावात घडते. खेळणारी मुलं आता ते गाव बघायला येतात, म्हणून टूरिस्ट ऑफिसनं आमची पात्रं पुठ्ठ्यावर माणसाएवढी छापून गावभर उभी केलीत. पोस्टात एक, बेकरीत एक. बंदरावर मी काढलेली कंदीलवाली आहे, बोटींची वाट बघणारी.

तुम्हाला एक सांगायचं राहिलं होतं. तिला मी आईचा चेहरा दिलाय. आईला जाऊन नऊ वर्षं झाली, आणि तिकडे कोळणी तिच्यापुढे संत्री ठेवतात. फोटो सोबत आहे. रागावू नका. आणि नुसत्या टोस्टवर राहू नका.

तुमची लाडकी,
देविका


ग्लासगो,
११ ऑक्टोबर

चि. देविकास अनेक आशीर्वाद.

रागावलो नाही. फोटो भिंगाखाली धरून पाहिला. आपली सीमाच.

पण डाव्या भुवईवरचा व्रण तुला कसा ठाऊक? तुझ्या जन्माआधी तिला किचनच्या कपाटाचं दार लागलं होतं. हॉस्पिटलला यायला तयार होईना, म्हणून घरीच मी दोन टाके घातले. दुसरा तिरका पडला. सर्जन म्हणवता आणि साधी शिवण जमत नाही, म्हणून तिनं मला जन्मभर चिडवलं. पुढे ती त्यावर केस ओढून घेई. एकाही फोटोत तो दिसत नाही.

तुझ्या चित्रातही दुसरा टाका तिरकाच आहे.

तब्येत सांभाळ, माया ठेव.
तुझे बाबा


मिल्टन कीन्स,
१५ ऑक्टोबर

ती. बाबांस सा. न.

व्रण मी काढलेला नाही. ओरिजिनल फाइल मोठी करून पाहिली, कपाळ कोरं आहे. टूरिस्ट ऑफिसच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, छापून आली तेव्हा काही नव्हतं, उन्हाळ्यात खूण उमटली. खाऱ्या हवेनं असेल. संत्री तेव्हापासूनच येऊ लागली. महिनाअखेर ती काढून नवी लावणार आहेत.

मला भीती वाटतेय, बाबा. तुम्ही इतके शांत कसे? लवकर लिहा.

तुमचीच,
देविका


ग्लासगो,
९ नोव्हेंबर

चि. देविकास अनेक आशीर्वाद.

तू अडवलं असतंस, म्हणून न सांगता जपानला जाऊन आलो.

बोटीतून उतरलो, तर ती समोरच उभी होती. भिंग लावून पाहिलं. कपाळ स्वच्छ होतं, खूण नाही. मला हायसं वाटायला हवं होतं, पण मी भिंग पुसून पुन्हा पुन्हा पाहत राहिलो. तासाभरानं माणसं येऊन ती घेऊन गेली. तो नुसता पुठ्ठा होता.

उतरलो त्या घरी मालकीणबाईंनी खोलीत दोन अंथरुणं घातली होती. मी एकटाच आहे म्हटलं. त्यांना थोडं इंग्रजी येतं. त्यांनी वाकून माफी मागितली आणि विचारलं, मग तुमच्यामागून दाराशी चपला काढत होत्या त्या बाई कोण?

मी म्हटलं, असू द्या दोन्ही.

काळजी करू नकोस. ख्रिसमसला ये, मात्र आधी फोन कर, अचानक येऊ नकोस.

इकडे आम्ही उभयता खुशाल आहोत.

तुझे बाबा