अहवालातलं एक वाक्य

पाटण,
१९ नोव्हेंबर २०२४

चि. अंकितास,
अनेक आशीर्वाद. मिरजेच्या दवाखान्यातून सुटून मावशीकडे गेलीस, असं कळलं. उजव्या हाताची बोटं आता किती वळतात? दहावीच्या परीक्षेला लेखनिक मिळेल, तुझा अर्ज मी भरलाय. इकडे थंडी पडलीय. शाळेच्या कार्यशाळेला कुलूप आहे.

चार पत्रं लिहून फाडली. यातही थंडीवरच अडकलोय बघ.

परवा तुझे वडील शाळेत आले. हंबीरराव म्हणजे फौजेतला ताठ माणूस, पण माझ्यापुढं हात जोडून उभे राहिले. "मास्तर, पोरीनं मशीनवर लय जोर लावला. तुमचं नाव खराब झालं. माफ करा."

"असू द्या, बसा," एवढंच मी म्हणालो. तेव्हापासून एका जागी बसवत नाही. वर्गात जातो, बाहेर येतो. कोयनेच्या पुलापर्यंत चालतो, माघारी फिरतो.

आता ऐक. लोखंड घासायच्या ग्राइंडरचा दगड तुझ्या जोरानं फुटला नाही. बसवण्याआधी दगड ठोकायचा, खणखणीत वाजला तरच लावायचा, हे मीच तुम्हाला शिकवलं. आदल्या दिवशी ठोकला, तर तो फुटक्या मडक्यासारखा बद्द वाजला. दुसरा शिल्लक नव्हता. सकाळी व्यवसाय शिक्षणाची तपासणी, आणि माझी नेमणूक कंत्राटी. साहेबांना मशीन चालू दिसायला हवं होतं. म्हणून तोच लावला आणि तुला पुढं केलं, कारण वर्गात तुझा हात सगळ्यांत स्थिर.

अहवालात 'विद्यार्थिनीने जास्त जोर दिला' हे मी लिहिलं. दवाखान्यात तू रडत म्हणालीस, "सर, चुकलं माझं." तेव्हाही मी गप्प बसलो. त्यानंतर आणखी सहा मुलींच्या घरच्यांनी त्यांची नावं या विषयातून काढून घेतली.

आज सकाळी खरं काय ते लिहून मुख्याध्यापकांना दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. "सर, नोकरी जाईल तुमची." "जाऊ द्या," म्हणालो. तिथून तडक तुमच्या घरी गेलो. सगळं ऐकून हंबीरराव उठले आणि दार उघडून धरलं. मी उंबऱ्याबाहेर पडल्यावर म्हणाले, "आता हे पोरीला तुमीच सांगा."

सांगितलं. तुझ्याकडून काहीही चुकलं नव्हतं. उत्तर पाठव असं म्हणण्याचं तोंड मला नाही.

तुझ्यावर खोटा दोष टाकणारा,
जयराज